मगरिबच्या आत परत : सिरोंचाची एक दिवसाची सहल

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या शाळांत सहलीचा विषय निघाला की दोनच नावे पुढे येतात. एक हैदराबाद आणि दुसरे औरंगाबाद, ज्याचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले. दोन्ही शहरे पाहण्यासारखी आहेत यात वाद नाही. बीबी का मकबरा म्हणजे नुसती कबर नव्हे, ती एक आखीव बाग आहे. चार भागांत वाटलेली जमीन, मधून जाणारे पाण्याचे पाट, दोन्ही बाजूंना झाडे आणि मधोमध दिलरस बानू बेगमची विश्रांतीची जागा. शहजादा आझमशहाने आईसाठी ती सतराव्या शतकात उभी केली. तिथून जवळच पाणचक्की. डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नळांतून आणून त्यावर दळणाचे जाते फिरवले आणि त्या पिठाच्या भाकरी फकीर-मुसाफिरांना घातल्या. बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गाही तिथेच आहे. बाग, पाणी, इबादत आणि भुकेल्याचा घास अशा चार गोष्टी एका आवारात पाहायला मिळाव्यात ही भाग्याची गोष्ट.

पण सिरोंचाहून तिथे जायचे म्हणजे जाताना रात्र, येताना रात्र आणि मधला मुक्काम वेगळाच. मग काय होते ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. संमतीपत्रे वाटली जातात, आणि सही होऊन परत येतात ती मुलांची. मुलींची पत्रे दप्तरातच राहतात. मी पालकांना दोष देत नाही. परगावी, परक्या छपराखाली मुलीला दोन रात्री ठेवायची म्हटल्यावर आईच्या जिवाची घालमेल होणारच. परंतु परिणाम असा होतो की आपली मुलगी दहावी होऊन शाळा सोडते तेव्हा तिने शाळेबरोबर पाहिलेली सर्वात लांबची जागा म्हणजे शाळेचे मैदान असते. म्हणून मी आज आपल्यापुढे एक साधी योजना ठेवतो आहे. सकाळी फजरनंतर निघायचे आणि मगरिबच्या आत घरी परतायचे. मुक्काम नाही, परगावचे जेवण नाही, आणि मुलगा-मुलगी असा फरकही नाही.

यावर पहिला प्रश्न येईल की सिरोंचात पाहायला आहे तरी काय? आपण जंगलाच्या टोकाला राहतो, जिल्ह्याचे ठिकाण दोनशे किलोमीटरवर, पावसाळ्यात रस्त्याची दशा अशी की विचारू नका. पाहायच्या गोष्टी दुसरीकडे असतात असा आपला पक्का समज झालेला आहे.

या समजावर उतारा म्हणून एक दूरचे उदाहरण देतो. कोरिया देशाच्या राजधानीत, सोल शहरात, चांगदोक नावाचा जुना राजवाडा आहे. १४०५ साली बांधलेला. त्याच्या मागे एक मोठी बाग आहे. ती आपल्या चारबागेसारखी आखीव नाही. टेकडी जशी आहे तशी ठेवली, झरा जिथे वाहतो तिथेच वाहू दिला आणि मधे मधे बसायला मंडप केले. आत कोणीही उठून जात नाही. ठरलेल्या वेळी, ठरावीक लोकांचा गट करून जायचे असते. राजवाड्याला लागूनच जोंगम्यो हे देवघर आहे. तिथे राजघराण्यातील पूर्वजांच्या नावाच्या पाट्या जपून ठेवल्या आहेत. परकी सत्ता असताना, १९३२ मध्ये, राजवाडा आणि देवघर यांच्या मधून रस्ता काढला गेला आणि दोन्ही जागा तुटल्या. तेथील लोकांनी ते मनात धरून ठेवले. रस्ता भुयारात घातला, वर माती टाकून झाडे लावली आणि २०२२ च्या जुलैमध्ये नव्वद वर्षांनी राजवाड्याचा परिसर आणि देवघर पुन्हा जोडले. त्याच शहरात इतेवॉन भागात १९७६ साली उघडलेली मोठी मशीदही आहे. बाग, राजवाडा, पूर्वजांचे देवघर, बौद्ध मंदिर आणि मशीद हे सारे तिथे एका दिवसात पाहता येते.

हे सांगण्याचा हेतू सोलची स्तुती करणे हा नाही. तिथल्या लोकांनी आपल्या दाराशी असलेल्या जागांना किंमत दिली, एवढेच दाखवायचे आहे. आता आपल्या दाराशी काय आहे ते पाहू.

सकाळी पहिली हजेरी दर्ग्यावर. हजरत बाबा वली हैदर शाह यांचा दर्गा गावातच असल्यामुळे मुलांना तो नवा नाही. उर्साच्या दिवसांत तेलंगणातून, छत्तीसगडातून, आल्लापल्ली-अहेरीकडून माणसे येतात आणि त्यांत मुसलमानांपेक्षा इतर लोक कमी नसतात, हेही मुलांनी पाहिलेले आहे. पण उर्सात मुले मिठाई आणि पाळणे पाहतात. गर्दी नसलेल्या सकाळी तिथे उभे राहणे ही वेगळी गोष्ट आहे. फातेहा झाल्यावर शिक्षकांनी एकच काम करावे. मुलांना तिथे येणाऱ्या माणसांच्या बोलीकडे लक्ष द्यायला सांगावे. कोणी तेलुगूत बोलते, कोणी माडियात, कोणी मराठीत, कोणी आपल्या दखनीत. एवढ्या भाषा एका उंबरठ्यावर ऐकायला मोठ्या शहरांतही मिळत नाहीत.

तिथून प्राणहितेचा काठ. इथे मुलांना सांगायची गोष्ट अशी की हे गाव एके काळी जिल्ह्याचे ठिकाण होते. १८६० मध्ये गोदावरीच्या डाव्या तीरावरचा मुलूख निजामाकडून इंग्रजांकडे आला आणि अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा झाला. त्याचे मुख्य ठाणे सिरोंचा. त्या काळी इंग्रजांच्या मनात मोठी उमेद होती की वऱ्हाड-वर्ध्याकडचा कापूस बैलगाड्यांऐवजी नावांनी प्राणहिता-गोदावरीतून थेट समुद्रापर्यंत न्यावा. सर आर्थर कॉटन हे त्या कल्पनेचे पुरस्कर्ते. परंतु नदीत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. एक दुमागुडेमला, दुसरा इंचमपल्लीला आणि तिसरा आपल्याच प्राणहितेत देवलमरीजवळ. खडक फोडण्यात आणि बांध घालण्यात वर्षे गेली, पैसा गेला, आणि १८७१ मध्ये काम सोडून दिले. पाठोपाठ १८७४ मध्ये जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांद्याला जोडले गेले. आपला गडचिरोली जिल्हा त्यानंतर शंभरावर वर्षांनी, २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. त्या जुन्या काळातील डेप्युटी कमिशनर ग्लासफर्ड यांचे नाव ग्लासफर्डपेठा या गावात अजून उरले आहे. तिथली मुले आपल्या शाळेत असतील तर त्यांना उभे करून विचारा की आपल्या गावाचे नाव असे इंग्रजी का. बहुतेकांना ठाऊक नसते.

आता पुलावरून पलीकडे, काळेश्वरला. आणि इथे मला थोडे थांबावे लागेल, कारण सभागृहात काही भुवया वर गेलेल्या मला इथूनही दिसतात.

“मुलांना मंदिरात कशाला न्यायचे?” हा प्रश्न मला काही पालकांनी आधीच, आडून आणि उघडही, विचारला आहे. त्याला टाळाटाळीचे उत्तर देणे योग्य नाही. कोणा मुलाने तिथे हात जोडावेत किंवा प्रसाद घ्यावाच अशी अपेक्षा नाही आणि कोणी तशी सक्तीही करणार नाही. पाहणे वेगळे, पूजणे वेगळे. दुसऱ्याच्या प्रार्थनेच्या जागी कसे जावे, चपला कुठे काढाव्यात, आवाज किती ठेवावा, कोणते दार ओलांडू नये, याला आपल्याकडे अदब म्हणतात आणि ती पुस्तकातून येत नाही. आपल्या दर्ग्यावर येणारा तेलुगू शेतकरी ती पाळतो. तो डोक्यावर रुमाल टाकतो, उंबऱ्याला हात लावतो, मागे सरत बाहेर येतो. त्याला कोणी शिकवले? त्याच्या बापाने त्याला लहानपणी इथे आणले होते, म्हणून त्याला ते येते. जमिनीवर फिरा आणि पाहा हा हुकूम कुरआन शरीफमध्ये एकाहून अधिक ठिकाणी आला आहे. तेव्हा फिरण्याला आणि पाहण्याला आपल्याकडे मनाई नाही, उलट ताकीद आहे.

काळेश्वरचे वैशिष्ट्य असे की गाभाऱ्यात एकाच शाळुंकेवर दोन लिंगे आहेत. एक काळेश्वराचे, म्हणजे यमाचे, आणि दुसरे मुक्तेश्वराचे, म्हणजे शिवाचे. मृत्यू आणि सुटका एकाच बैठकीवर, अशी ती कल्पना. लिंगावर घातलेले पाणी आतल्या वाटेने संगमावर निघते अशी भाविकांची श्रद्धा आहे. श्रीशैलम, द्राक्षारामम आणि काळेश्वर या तीन लिंगांमधला प्रदेश तो त्रिलिंग देश, आणि त्यावरून तेलंगण हे नाव आले असे परंपरा मानते. म्हणजे शेजारच्या राज्याचे नाव ज्या खुणांवरून पडले असे सांगतात, त्यांतली एक खूण आपल्या गावाच्या पलीकडच्या काठावर आहे. २०१६ च्या सुमारास पूल झाला त्यापूर्वी ही वाट नावेची होती. आजोबांना विचारा, ते सांगतील.

मंदिराइतकाच, किंबहुना माझ्या मते अधिक, वेळ घाटावर घालवावा. प्राणहिता आणि गोदावरी इथे मिळतात. तिसरी सरस्वती गुप्त आहे असे मानतात. दर बारा वर्षांनी पुष्कर भरतो. एप्रिल २०२२ मध्ये प्राणहितेचा झाला तेव्हा आपल्या सिरोंचाच्या घाटावरही मोठी गर्दी होती, ती मुलांनी पाहिली आहे. त्याच वर्षी जुलैत याच दोन नद्या फुगून घरादारांत आल्या, तेही त्यांनी पाहिले आहे. खालच्या अंगाला मेडीगड्डाचे धरण. २१ जून २०१९ रोजी त्याचे उद्घाटन झाले, तीन राज्यांचे मुख्यमंत्री हजर होते. आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी फुगवट्याच्या पाण्याने शेते जातात म्हणून अर्ज केले, उपोषणे केली. पुढे २१ ऑक्टोबर २०२३ रोजी धरणाचे खांब खचले आणि साठवलेले पाणी सोडून द्यावे लागले. घाटाच्या पायरीवर बसवून हे सांगितले तर नागरिकशास्त्राचा एक अख्खा धडा होतो. एकाच नदीला एक माणूस ओंजळीत घेतो, दुसरा तिच्यासाठी मोजणीदाराकडे खेटे घालतो.

दुपारच्या आत परत अलीकडे यायचे आणि वडधमची वाट धरायची. डबे तिथेच सोडायचे.

बाग म्हटल्यावर फुलांचे ताटवे आणि कारंजी डोळ्यांसमोर आणणाऱ्यांची इथे निराशा होईल. वडधमला आहे ती दगडाची बाग. झाडांची खोडे जमिनीवर आडवी पडली आहेत. साल दिसते, गाठी दिसतात, आतली वलये दिसतात. हात लावला तर दगड. मुलाला वाटते कोणी तरी कोरून ठेवले आहे. कोणी कोरले नाही. झाड पुरात पडले, गाळाखाली गाडले गेले, हवा पोचली नाही म्हणून कुजले नाही. गाळातून झिरपणाऱ्या पाण्यात विरघळलेली खनिजे, विशेषतः वाळूतील सिलिका, खोडाच्या एकेका पेशीत शिरली आणि तिथेच बसली. लाकूड गेले, त्याचा साचा राहिला. हे व्हायला किती काळ लागला याचा हिशेब शेकड्यांत किंवा हजारांत होत नाही, कोटींत होतो.

या परिसराचे नाव जगातील भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत आहे. सिरोंचा तालुक्यातील कोटा या लहानशा गावाजवळच्या चुनखडीत माशांचे ठसे सापडले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच ते इंग्लंडमधील विद्वानांपर्यंत गेले. त्या खडकांच्या थराला आजही सगळीकडे कोटा याच नावाने ओळखतात. मग १९५८ मध्ये कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या मंडळींना सिरोंचाजवळच्या पोचमपल्ली गावाच्या परिसरात प्रचंड हाडे दिसली. १९६० आणि १९६१ या दोन वर्षांत बहुतेक हाडे काढली गेली. पावणेतीनशे चौरस मीटर जागेत सुमारे तीनशे हाडे, किमान सहा जनावरांची. मांडीचे एक हाड १.७ मीटर, म्हणजे आपल्या पी. टी. च्या मास्तरांएवढे! १९६१ हे रवींद्रनाथ टागोरांचे जन्मशताब्दी वर्ष. म्हणून १९७५ मध्ये या प्राण्याचे बारसे झाले ते बारापासॉरस टागोराय असे. बंगालीत ‘बडा पा’ म्हणजे मोठा पाय. लांबी सुमारे चौदा मीटर, खाणे फक्त पाला. हाडांबरोबर मोठमोठी झाडांची दगडी खोडेही सापडली. यावरून कळप आणि झाडे एकाच पुरात वाहून आली असावीत असा तर्क आहे. म्हणजे २०२२ च्या जुलैत आपण जे पाहिले, त्याचा एक फार जुना अवतार.

नदीपलीकडे यमनपल्लीजवळ असाच दुसरा प्राणी सापडला. त्याचे नाव १९८८ मध्ये कोटासॉरस ठेवले. आपल्या कोटा गावाचे नाव! त्याचा सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात उभा आहे, आणि मोठ्या पायाचा कोलकात्यात. तिथली मुले तिकीट काढून ते पाहतात. आपली मुले ज्या मातीत ती हाडे निघाली तिच्यावर रोज चालतात आणि त्यांना त्याची गंधवार्ता नसते. मला या गोष्टीचे वाईट वाटते, आणि ते मी लपवत नाही.

काही जणांच्या मनात शंका येईल की हे सारे कोटी कोटी वर्षांचे बोलणे मुलांच्या ईमानाला कुठे धक्का तर लावणार नाही? मला तसे वाटत नाही. सृष्टीची सुरुवात कशी केली ते पाहा, असाच तो हुकूम आहे. दगड झालेल्या खोडावर हात ठेवणारे मूल त्या कारीगराचे नाव आपोआप घेते. आमच्या शिक्षिका सांगतात की वर्गात कधी न बोलणाऱ्या मुलीच्या तोंडून तिथे पहिला शब्द सुभानल्लाह असा येतो.

वडधमची एक काळजी मात्र आहे आणि ती आपल्याच मुलांपासून आहे. लहानसा, सुबक, लाकडासारखा दिसणारा दगड पायाशी पडलेला असतो. तो खिशात जातो, ओढणीच्या गाठीत जातो. दर सहलीला पन्नास मुले आणि प्रत्येकाचा एक तुकडा, मग आणखी वीस वर्षांनी तिथे काय उरेल? सोलच्या बागेत ठरावीक माणसेच का सोडतात ते इथे कळते. म्हणून बसमध्ये चढण्यापूर्वी खिसे रिकामे करायचे असा नियम करावा, आणि तो आधी शिक्षकांना लावावा. मोठ्यांच्या खिशांतून निघणारे तुकडे आकाराने अधिक मोठे असतात असा अनुभव आहे.

आल्लापल्लीचे ‘ग्लोरी ऑफ आल्लापल्ली’ हे राखलेले सागवन या सहलीत बसत नाही. सुमारे सहा हेक्टरांचे ते जुने जंगल २०१४ मध्ये राज्याचे पहिले जैवविविधता वारसास्थळ ठरले, आणि आकाशाला भिडलेले सागाचे खोड पाहिल्याशिवाय वडधमच्या दगडी खोडाची खरी उंची मनात येत नाही. परंतु शंभर किलोमीटरच्या आसपासचा रस्ता आणि त्याची अवस्था पाहता मगरिबची वेळ साधणार नाही. तो दिवस वेगळा काढावा, आणि त्याला कमलापूरच्या हत्ती कॅम्पची जोड द्यावी. चामोर्शीकडचे मार्कंडा, जिथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते आणि काठावर कोरीव मंदिरांचा समूह आहे, तेही असेच स्वतंत्र दिवसाचे काम. सोमनूरचा इंद्रावती-गोदावरी संगम मोठ्या मुलांसाठी ठेवावा.

आता व्यवहाराचे थोडे. सहल नोव्हेंबर ते जानेवारी या काळातच असावी. आपल्या उन्हात वडधमच्या उघड्या दगडांवर मुलांना उभे करणे हा गुन्हा ठरेल. पाणी घरूनच न्यावे. घाटावर पाण्यात उतरायचे नाही, गुडघ्यापर्यंतही नाही. दोन नद्यांचे पाणी मिळते तिथे तळ रोज बदलतो, आणि हे कोळ्यांना कळते, मास्तरांना नव्हे. मुलींबरोबर दोन शिक्षिका असाव्यात आणि ज्या आईला यायचे असेल तिला बसमध्ये जागा ठेवावी. जुहरची नमाज वडधमला होईल, सावली पाहून सतरंज्या आधीच टाकाव्यात. ज्यांना बसभाडे जड जाते त्यांचे नाव वर्गात पुकारू नये, ते मुख्याध्यापकांकडे येऊन सांगतील आणि संस्था पाहील.

संमतीपत्रे दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहेत. जाताना घेऊन जा. सहीची जागा एकच आहे, आणि वडिलांऐवजी आईने सही केली तरी ती चालेल असे आज सकाळीच ठरले आहे.